स्वस्त घड्याळाची बाजू

भिंतीवरचं साधं, स्वस्त घड्याळ आणायचं, ते उघडायचं, डायल काढून नव्याने रंगवायची किंवा सजवायची, काटे पुन्हा बसवायचे आणि ते चालतं घड्याळ विकायचं, हे काम पानशेतच्या बाजूला आम्ही काही बायका मिळून करतो. या कामावर घेतले जाणारे आक्षेप आता मला पाठ झाले आहेत. आक्षेप घेणारे बहुतेक शिकलेसवरलेले, हस्तकलेबद्दल आस्था असलेले, शनिवार-रविवारी धरण बघायला आलेले लोक असतात. त्यांच्या आस्थेबद्दल मला शंका नाही. पण ते ज्या निष्कर्षाला येतात तो चुकीचा आहे, आणि त्याचा फटका आमच्या मिळकतीला बसतो. म्हणून हे उत्तर.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्र कारखान्यातलं, चौकट प्लॅस्टिकची, रंग डबीतला, लेस बोहरी आळीतली; मग यात तुमचं काय? दुसऱ्याच्या मालावर केलेली ही सजावट आहे, तिला हस्तकला म्हणता येणार नाही. त्यापेक्षा इथल्या मातीतलं काही करा, बांबूचं करा, सूप-टोपली करा. आणि घड्याळंच करायची तर सामान तरी चांगलं वापरा, स्वस्त सामानातून स्वस्तच वस्तू निघणार. शिवाय हातात फोन असताना भिंतीवरचं घड्याळ बघतं कोण?

फोनचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण त्यात फारसा दम नाही. भाकरी थापताना पिठाच्या हाताने कोणी फोन उचलत नाही. पोरांची शाळा, डेअरीला दूध घालायची वेळ, पुण्याकडे जाणारी गाडी, हे सगळं चुलीपाशी बसून मान वर करून बघायचं असतं. या खोऱ्यात पाऊस लागला की लाइट जाते ती लवकर येत नाही. फोन मान टाकतो, आणि एका पेन्सिल सेलवरचं घड्याळ चालू राहतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला औषधाची वेळ बघायला आकडे मोठे लागतात. ज्यांच्या घरात घड्याळ लागत नाही त्यांनी ते घेऊ नये. पण ते कोणालाच लागत नाही असं ठरवण्याआधी पानशेतच्या कुठल्याही घरात डोकावून यावं.

‘यात तुमचं काय’ हा प्रश्न मात्र गंभीर आहे. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

पेणच्या गणपतीला कोणी विचारत नाही की माती कुठली. शाडू येते गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने. मूर्ती पेणचीच म्हणवते, आणि तशी म्हणवते हेच बरोबर आहे, कारण सोंडेचं वळण आणि डोळ्यांची आखणी पेणच्या हातांची आहे. येवल्याचा विणकर रेशीम बंगळुरूकडून आणतो. पैठणी येवल्याची ठरते ती मागावर. कच्चा माल बाहेरून आला म्हणून कारागिरी खोटी ठरत असेल तर महाराष्ट्रातली निम्मी कारागिरी आजच बाद करावी लागेल. आमचं यंत्रही गुजरातेतूनच येतं, मोरबीहून. शाडूला जी सवलत आहे ती यंत्राला का नाही?

यावर उत्तर येतं की माती ही कच्ची, घड्याळ हे तयार. ठीक आहे. मग तयार घड्याळात तयार काय आहे आणि काय नाही ते बघू.

आत असतो काळ्या प्लॅस्टिकचा, तळहातावर मावेल असा चौकोनी डबा. आम्ही त्याला मशीन म्हणतो. त्यात चिमटीत हरवेल एवढा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो पंधरा वेळा निम्मा-निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो. म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि त्या ठोक्यावर काटा एक पाऊल पुढे. २५ डिसेंबर १९६९ ला सेको कंपनीने टोकियोत क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्या पैशात त्या वेळी जपानमध्ये मोटार येत असे. तेच तत्त्व आज घाऊक बाजारात वडापावच्या दोन-तीन प्लेटींच्या भावात मिळतं, आणि महिन्याला काही सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. जे इतक्या स्वस्तात इतकं अचूक मिळतं ते पुन्हा हाताने करण्यात कुठलाही मोठेपणा नाही. ते तसंच वापरावं. मोरबीच्या कारखान्यांत त्याची जुळणी करणाऱ्यांमध्येही बायकांची संख्या मोठी आहे, तेव्हा हात तिथेही आहेतच.

पण त्या मशीनवर बाजारात जी डायल येते ती बघितली आहे का? छापील कागद, त्यावर दोन गुलाब किंवा एक धबधबा, मध्ये कंपनीचं नाव, आकडे इतके बारीक की खोलीच्या दारातून वाचता येत नाहीत. वेळ मोजण्याचं काम मशीनने चोख केलेलं असतं. ती वेळ माणसाला नीट आणि देखण्या रीतीने दाखवण्याचं काम त्या किमतीत कोणी केलेलंच नसतं. आमचं काम तिथून सुरू होतं.

ते कसं होतं ते एकदा जवळून बघा. मागचे खटके दाबून काच सोडवायची. सेकंद काटा दोन नखांत धरून सरळ वर ओढायचा. जराही तिरपा ओढला तर त्याची नळी वाकते आणि तो पुढे कायम लंगडतो. मग मिनिटाचा, मग तासाचा. डायल काढली की तिच्या मापाचा जाड कागद कापायचा. आम्ही त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका वापरतो, तो कागद वाकत नाही आणि रंग चांगला धरतो. वर्तुळावर बारा जागा काढायच्या तर कोनमापक लागत नाही. कंपासमध्ये त्रिज्या तेवढीच ठेवून परिघावर एकामागून एक खुणा करत गेलं की बरोबर सहा बसतात. प्रत्येक दोन खुणांच्या मधोमध आणखी एक, झाले बारा. आमच्यातल्या एका मावशींनी शाळा सातवीत सोडली. हे त्यांना मी शिकवायला घेतलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, हे तर सहा पाकळ्यांचं फूल, रांगोळीत आम्ही दोऱ्यानं काढतो.’ दोऱ्याने काढलेल्या त्यांच्या खुणा माझ्या कंपासपेक्षा कमी चुकतात.

मग खरी कसोटी. कुंदन, मणी, लेस, जे काही उठावाचं लावायचं ते मिनिट काट्याच्या टोकाच्या बाहेर. आतल्या भागात कागद आणि रंगाखेरीज काही चढवायचं नाही, कारण तास काटा डायलला जवळजवळ टेकून फिरतो आणि मण्याच्या कडेलाही अडतो. वॉर्निशचा थर जाड झाला तरी मधल्या दांड्याचं भोक बुजतं. काटे परत बसवताना तास आणि मिनिट दोन्ही बारावर आणायचे, मग हाताने किल्ली फिरवत चोवीस तास फिरवून बघायचं, की कुठे काटा काट्याला किंवा काचेला घासत नाही ना. हौसेने काट्यावरच टिकल्या चिकटवल्या तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. सहानंतर मिनिट काटा वर चढायला लागतो तेव्हा मशीनला त्याचं वजन उचलावं लागतं. वजन जास्त झालं, किंवा सेल उतरला, की नऊच्या आसपास सेकंद काटा जागच्या जागी थरथरत राहतो. घड्याळ बंद पडलं म्हणून लोक ते फेकून देतात. बऱ्याचदा दोष एवढाच असतो.

हे सगळं माहीत असायला लागतं, हाताला वळण लागायला लागतं, आणि ते वळण लागलेलं घड्याळ आणि न लागलेलं घड्याळ दुरून ओळखू येतं. याला कौशल्य म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं.

आता स्वस्त सामानाबद्दल. इथे माझं म्हणणं त्यांच्या बरोबर उलट आहे. सामान स्वस्त आहे म्हणूनच हे काम उभं राहिलं, आणि स्वस्त राहिलं तरच ते सुधारेल. नवशिकी बाई महागडं रेझिन आणि परदेशी शाई घेऊन बसली तर पहिल्या घड्याळाला तिचा हात कापतो. ती घाबरून नकलेवर जाते, दुसऱ्याचं हुबेहूब उतरवते, कारण बिघडवायची तिची ऐपत नसते. पंचवीस रुपयांचं सामान बिघडलं तर ती पुसते आणि दुसरं करते. आमच्याकडे जे चांगले हात तयार झाले ते बिघडवण्याची मुभा मिळाल्यामुळे झाले.

याला मोठा दाखला आहे आणि कलाप्रेमी मंडळींना तो ठाऊक असायला हवा. १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका लग्नघरातल्या कोहबराच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीच्या, भिंती रंगवत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला आणि म्हटलं, यावर काढा, आम्ही विकत घेतो. भिंतीवरचं चित्र पुढच्या सारवणाखाली जात असे. कागदावरचं चित्र घराबाहेर पडलं, त्याचे पैसे आले, आणि काढणारीला नाव मिळालं. जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीतादेवींना १९८१ मध्ये. हेच भास्कर कुलकर्णी पुढे सत्तरच्या दशकात डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. तिथेही चौक लिहिण्याचं, म्हणजे लग्नाचं चित्र काढण्याचं, काम लग्नाच्या वेळी सवाशिणी करत, तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर. कागद आला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा माणूस लग्नाची वाट न बघता रोज चित्र काढू लागला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज जी मंडळी आम्हाला ‘वारलीसारखं अस्सल काहीतरी करा’ म्हणून सांगतात त्यांच्या दिवाणखान्यातली वारली ही कागदावरची किंवा कापडावरची असते. तो कागद वारल्यांच्या परंपरेतला नव्हता, बाहेरून आलेला होता. बाहेरच्या या साध्या सामानाने ती कला खोटी झाली नाही, उलट वाढली. आमची घड्याळं त्या तोलाची आहेत असा दावा मी करत नाही. सामान कुठलं आणि किती रुपयांचं यावरून कामाचा कस ठरवायचा नसतो, एवढं मात्र त्यातून सिद्ध होतं.

आणि स्वस्त सामान मिळवणं हे काही सोपं नाही. ते एक स्वतंत्र ज्ञान आहे. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलं आणि दिसेल ते उचललं तर सामान महागच पडतं. राखीपौर्णिमा झाली की पुढच्या काही दिवसांत टिकल्या, गोंडे, मणी, नक्षीच्या चकत्या यांचे उरलेले लॉट निघतात. गणपती गेले की मखराची लेस आणि सोनेरी कागद. लग्नसराई ओसरली की गोटा आणि खडे. दुकानदाराला जागा मोकळी करायची असते, तेव्हा सकाळी, गर्दीच्या आधी जायचं आणि सबंध लॉटचा भाव विचारायचा. एकेक लडीचा भाव विचारणाऱ्याला किरकोळ दर सांगितला जातो. काही माल वजनावर असतो, काही ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर, आणि दोन्हींचा नगाला भाव काढल्याशिवाय कुठला स्वस्त ते कळत नाही. ओला रुमाल मण्यांवर घासायचा; रंग उतरला तर लॉट फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही.

सनमायका विकणाऱ्यांकडे जुन्या नमुन्यांची पुस्तकं पडलेली असतात. त्यांचे तुकडे चौकटीला लावले की प्लॅस्टिक झाकलं जातं. शिंप्याकडचे कटपीस, सुताराकडचे प्लायचे तुकडे, जीर्ण झालेल्या साडीचा शाबूत राहिलेला जरीकाठ, रंगाऱ्याच्या डब्यात तळाला उरलेला ऑइलपेंट. बंद घड्याळं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळतात. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. अशा घड्याळांपैकी पुष्कळांचं मशीन धड असतं, फक्त सेल गळून पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. पॉलिशपेपरने तो घासला की घड्याळ चालू. प्लॅस्टिकचा कचरा वाढवता असं जे आम्हाला म्हणतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की भंगारात जाणारी घड्याळं परत भिंतीवर नेणारे लोक फार नाहीत, आणि त्यांत आम्ही आहोत.

कुठे काटकसर करायची नाही हेही या ज्ञानातच येतं. वॉर्निश चांगलंच लागतं. पानशेतचा पाऊस हलका नाही. नुसत्या फेविकॉलने चिकटवलेला कागद श्रावणापर्यंत फुगतो, कडेने सुटतो, त्यावर बुरशी धरते. वॉर्निशचे दोन पातळ हात आणि मागच्या बाजूलाही एक, तर तो टिकतो. सेल चांगल्या कंपनीचा, कारण गळका सेल मशीनच खातो. आणि टांगायची कडी, जर चौकटीचं वजन वाढवलं असेल तर. बाकी सगळं स्वस्तात घ्या. या तीन गोष्टींवर ज्यांनी पैसे वाचवले त्यांच्या मालामुळे सगळ्या सजवलेल्या घड्याळांची बदनामी झाली, आणि तिथे आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे.

सहमती आणखीही आहे. बाजारात सजवलेली घड्याळं येतात त्यांतली बरीच वाईट असतात. आकडे चमकीत बुडालेले, काटे आणि डायल एकाच सोनेरी रंगाची, म्हणून वेळ दिसत नाही. विठ्ठलाच्या चेहऱ्याच्या मधोमध भोक पाडून दांडा काढलेला, आणि दर तासाला देवाच्या डोळ्यावरून काटा फिरतो. हे मला सहन होत नाही आणि आमच्याकडे कोणी केलं तर मी ते विकायला मांडू देत नाही. रेझिनच्या लाटा ओतलेली, एकसारखी, कुठल्याही शहरात सापडतील अशी घड्याळं मलाही आवडत नाहीत. पण वाईट माल प्रत्येक कलेत निघतो. जत्रेत मिळणाऱ्या वाईट वारलीवरून कोणी वारली बाद केली नाही. वाईट घड्याळाला वाईट म्हणावं, नाव घेऊन, कारण सांगून. सबंध कामाला नाकारणं हा आळस आहे.

आता बांबू. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो.

बांबूची कला आमच्या भागात आहे आणि ती बुरुडांची आहे. बांबू निवडणं, तो चिरणं, त्याच्या कामट्या एकसारख्या काढणं हे लहानपणापासून हातात बसतं. ‘बांबूचं करा’ असं आम्हाला सांगणारे असं धरून चालतात की गावात राहणाऱ्या कुठल्याही बाईला बांबू येतोच, जणू गाव म्हणजे एकच माणूस आणि त्याला एकच धंदा. आम्ही बुरुडांच्या कामात अर्धवट हात घालायचा, त्यांचंच गिऱ्हाईक तोडायचं, आणि तेही वाईट टोपल्या करून? आणि जे आम्हाला सूप करा म्हणतात ते सूप विकत घेताना काय करतात तेही बघितलेलं आहे. दीडशेचं सूप शंभरला मागतात.

यामागची अपेक्षा अशी की गावाने गावासारखं दिसणारं काहीतरी करावं. प्लॅस्टिकची चौकट दिसली की त्यांचा हिरमोड होतो. पण ज्या मातीतलं काही करायला आम्हाला सांगितलं जातं त्या मातीचं काय झालं हे पानशेतला येऊन तरी आठवायला हवं. आंबी नदीवर धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातली गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली, पुढे शेजारी मोसे नदीवर वरसगाव झालं तेव्हा तिकडचीही. माणसं उठली, काही दौंडच्या बाजूला गेली, काही वर सरकून राहिली. १२ जुलै १९६१ ला काम पुरं न झालेलं पानशेत धरण फुटलं, खडकवासला कोसळलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. तो दिवस पुणं विसरलेलं नाही, विसरूही नये. धरण पुन्हा बांधलं गेलं, आता त्याला तानाजीसागर म्हणतात, आणि त्याचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना जातं. इथल्या घराघरांत आजही सांगतात की आमचं शेत अमुक जागी, पाण्याच्या खाली आहे. अशा ठिकाणच्या बायकांना पुण्याहून येऊन ‘मुळाशी राहा’ असं सांगणं मला मान्य नाही. त्यांच्याकडे जे आहे ते म्हणजे दुपारचे मोकळे दोन तास, रांगोळीचा हात, पुण्याला जाणारी गाडी आणि बोहरी आळी. त्यातून त्या जे करतात ते पूर्णपणे इथलं आहे.

राहिला किमतीचा प्रश्न. ‘दीडशेचं घड्याळ साडेचारशेला’ हे वाक्य आम्ही दर रविवारी ऐकतो, त्यामुळे हिशेब उघडच मांडते. घड्याळ साधारण १६० रुपयांना पडतं. रंग आणि वॉर्निश ३०, कागद-लेस-मणी २५, सेल १५, खोकं आणि बांधणी १०. झाले २४०. साडेचारशेला विकलं तर २१० उरतात. वाळायचा वेळ सोडून एका घड्याळाला चार तासांच्या आसपास काम असतं. म्हणजे तासाला पन्नास रुपये आणि थोडे वर, आणि यात पुण्याला जाण्या-येण्याचं भाडं धरलेलं नाही, न विकल्या गेलेल्या घड्याळांचे पैसे धरलेले नाहीत. साडेचारशे जास्त वाटत असतील तर यातला कुठला आकडा कमी करायचा ते सांगावं. सामानात आम्ही शक्य तेवढं वाचवलेलं आहे. उरते ती बाईची मजुरी, आणि ती कमी करायला मी तयार नाही. स्वस्त सामान शोधण्यात आम्ही जो जीव काढतो तो याचसाठी, की वाचलेला पैसा हाताला मिळावा. गिऱ्हाईकाने तोही मागितला तर त्या शोधाशोधीला अर्थ उरत नाही.

हे सगळं लिहायला एक निमित्तही झालं. पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी आम्ही अर्ज केला होता. ‘तयार वस्तूवरील सजावट हस्तकलेत बसत नाही’ एवढ्या एका ओळीत तो परत आला. घड्याळ कोणी पाहिलंही नाही, फक्त यादीतलं नाव पाहिलं. नियम करायचा अधिकार आयोजकांचा आहे. पण नियमाला कसोटी हवी, आणि ती वस्तू हातात घेऊन लावायला हवी. वेळ खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येते का. काटे कुठे घासतात का. रंग ओल्या बोटाने सुटतो का. नक्षी कुठून उचललेली आहे की करणारीने स्वतः मांडली आहे. यांत जे घड्याळ नापास होईल ते खुशाल परत पाठवावं, आमचं असलं तरी.

आम्ही काही लपवत नाही. प्रत्येक घड्याळाच्या मागे, सेलच्या खोबणीच्या खाली, पक्क्या शाईने लिहिलेलं असतं: मशीन मोरबी, डायल पानशेत, मग करणारीचं नाव आणि महिना. सेल बदलताना ते वाचलं जातं. दुरुस्ती लागली तर ज्या बाईने केलं तिच्याकडेच ते परत येतं, आणि ती ते पैसे न घेता उघडते. पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा जाईल, घड्याळांसकट. आयोजकांनी निदान एक घड्याळ उलटं करून बघावं आणि मग काय ते ठरवावं.